दोन टिंबं आणि एक ळ्ळ

बेळगावजवळच्या येळ्ळूर या गावाच्या नावाचा सगळा जोर मधल्या 'ळ्ळ'वर आहे. जीभ मागे वळवायची, टाळूला आपटायची आणि क्षणभर तिथेच धरून ठेवायची. पुण्यामुंबईकडचा पाहुणा बेळगावात उतरला की 'येलूर' म्हणतो, हिंदीवाला 'येल्लूर' म्हणतो. वडगावच्या नाक्यावरचा रिक्षावाला दोघांनाही दुरुस्त न करता आत बसवतो, पण भाडं मात्र उच्चार ऐकूनच सांगतो.

नावातल्या अक्षराला इतकं जपणारी आणखी एक जमात जगात आहे. तिला हेवी मेटलवाले म्हणतात. मोटरहेड या इंग्रज बँडच्या इंग्रजी नावात 'ओ'च्या डोक्यावर दोन टिंबं असतात. जर्मन भाषेत अशा टिंबांनी उच्चार बदलतो. मोटरहेडच्या बाबतीत त्यांनी काहीही होत नाही. ती का दिली, असं विचारल्यावर बँडचा म्होरक्या लेमी सांगायचा, की नाव जरा दांडगं दिसावं म्हणून. त्याच्याआधी ब्लू ऑयस्टर कल्टने असलीच टिंबं लावली होती. नंतर मॉटली क्रूने एकाऐवजी दोन अक्षरांवर लावली, कारण नाव ठरवताना पोरं जी बिअर पीत होती त्या लोवेनब्राऊच्या बाटलीवर तशी होती. म्हणजे टिळा लावायची हौस, देव कुठला ते नंतर बघू. देवनागरीत लिहायला घेतलं की हा सगळा थाट कोलमडतो. आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर टिंब दिलं की त्याचा अनुस्वार होतो, आणि 'मोंटरहेड' हे खोकल्याच्या औषधाचं नाव वाटतं. येळ्ळूरच्या ळ्ळला मात्र उच्चारात खरंच काम आहे. एवढ्या एका मुद्द्यावर येळ्ळूर मोटरहेडच्या पुढे आहे.

आता या बँडांची पुस्तकं. क्लासिक रॉक आणि हेवी मेटल हा ऐकायचा प्रकार असला, तरी गेल्या चाळीसेक वर्षांत तो वाचायचाही झाला आहे. लेड झेपलिनवरचं 'हॅमर ऑफ द गॉड्स' 1985 मध्ये आलं, मॉटली क्रूचं 'द डर्ट' 2001 मध्ये, ओझी ऑस्बॉर्नचं 'आय अ‍ॅम ओझी' 2009 मध्ये, रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सचं 'लाइफ' 2010 मध्ये. त्यानंतर तर ज्याच्या हातात कधीकाळी गिटार होती त्या प्रत्येकाने पुस्तक काढलं. साचा ठरलेला. पहिल्या पन्नास पानांत गरिबी, बाप कारखान्यात, संडास परसात. मग उसनवारीची गिटार. मग चार टोळभैरव, एक जुनी व्हॅन, एक लबाड मॅनेजर. मग पैसा, मग दारू, मग दारूपेक्षा महाग वस्तू, मग इस्पितळ, आणि शेवटी पुन्हा एकत्र येऊन केलेला दौरा. मराठी आत्मचरित्रांवर वाढलेल्या वाचकाला पहिली पन्नास पानं घरचीच वाटतात. फरक पुढे पडतो. मराठी आत्मचरित्रकाराला सगळं आठवतं, चौथीच्या वर्गात गुरुजींनी मारलेली छडी कुठल्या झाडाची होती तेसुद्धा. रॉकवाल्याला आख्खं 1975 साल आठवत नाही. ओझीने तर पुस्तकाच्या तोंडालाच सांगून टाकलं आहे, की इतरांच्या आठवणी वेगळ्या असतील तर असू देत, आपण भांडणार नाही.

यावर त्या धंद्याने काढलेला उपाय मराठीला चांगलाच ओळखीचा आहे: शब्दांकन. ओझीचं पुस्तक लिहून काढलं ख्रिस आयर्सने, 'द डर्ट' नील स्ट्राउसने. त्यातही 'द डर्ट'मध्ये बँडचा प्रत्येक गडी आपापलं प्रकरण आपल्या तोंडाने सांगतो, आणि एकाच मारामारीच्या चार हकिकती मिळतात. गावात यात्रेनंतर चावडीपुढे बसलेल्या माणसाला यात नवं काही नाही.

आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन हा यातला अपवाद. त्याने 2017 मधलं आपलं पुस्तक स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि शेवटी जाहीर केलं की यात जन्म, लग्नं आणि घटस्फोट यांना जागा दिलेली नाही. बारसं नाही, मुंज नाही, लग्नाच्या बोलणीत अडलेला मामा नाही. मराठी प्रकाशकाने 'निम्मं आयुष्य कुठं गेलं?' म्हणून हस्तलिखित परत केलं असतं.

या पुस्तकांतल्या दारूच्या आणि दंग्याच्या गोष्टींना जगभर खप आहे, पण येळ्ळूरकडून वाचायला घेतली तर दुसरंच काही उठून दिसतं. लोखंड.

बेळगावच्या उद्यमबागेत आणि पलीकडे मच्छेपर्यंत फाउंड्र्या आहेत. आसपासच्या गावांतली पोरं सकाळच्या शिफ्टला डबा अडकवून निघतात. कुणी मोल्डिंगला, कुणी कोअर शॉपला, कुणी फेटलिंगला. संध्याकाळी घरी येतात तेव्हा नाकात काळी वाळू असते आणि कानात दणका. 'हेवी मेटल' हे शब्द या पोरांना संगीताचे वाटायला वेळ लागतो, त्यांना आधी मालाच्या गाडीचं वजन आठवतं. आणि मौज म्हणजे त्या संगीताचा जन्मही असल्याच शिफ्टमध्ये झाला. ब्लॅक सबाथ हा बँड बर्मिंगहॅमचा. ते इंग्लंडचं उद्यमबाग. तिथले वादक आजही सांगतात, की रात्रंदिवस चालणाऱ्या घणांचा ठेका आमच्या गाण्यात उतरला.

सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरी सोडून तो एका बँडबरोबर दौऱ्यावर जाणार होता, आणि तो त्याचा कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा म्हणाला, आता परत जात नाही. आईने सुनावलं, हातात घेतलेलं काम नीट पुरं करून ये. गेला. त्या दिवशी प्रेसवरचा नेहमीचा माणूस आला नव्हता, म्हणून याला तिथे उभं केलं. प्रेस खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितली. कारखान्यातल्या फोरमनने मात्र जँगो राइनहार्ट या वादकाची रेकॉर्ड आणून ऐकवली आणि मग सांगितलं, की याची दोन बोटं जळून निकामी झाली आहेत. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या घडवल्या, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं आणि त्या बोटांवर चढवून वाजवायला लागला. पुढे बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून तारा ढिल्या केल्या, आणि सूर आणखी खाली, आणखी जड झाला. जगभरच्या पोरांनी ज्याला सैतानाचा आवाज म्हटलं, त्याच्या मुळाशी एक आईचा कर्तव्यदक्षपणा, एक गैरहजर कामगार आणि एक साबणाची बाटली आहे. 2011 मध्ये आयोमीचं आत्मचरित्र आलं तेव्हा त्याचं नाव 'आयर्न मॅन' ठेवलं गेलं. फाउंड्रीतल्या माणसाला यात अलंकार दिसणार नाही, हुद्दा दिसेल.

सबाथचा गायक ओझी याची नोकरी याहून मजेची. तो लुकास कंपनीत मोटारींचे हॉर्न तपासायचा. दिवसभर एका खोलीत बसून हॉर्न वाजवायचे आणि सूर बरोबर लागला की नाही ते पाहायचं. या कामाला माणूस नेमावा लागतो हे बेळगावकराला पटणं कठीण आहे. खडेबाजारात संध्याकाळी हेच काम शेकडो माणसं बिनपगारी करतात. त्यानंतर ओझी कत्तलखान्यात लागला, मग चोऱ्या करायला लागला, आणि चोरीसाठी त्याने घातलेल्या हातमोज्याला अंगठाच नव्हता. ठसा सापडला, काही आठवडे तुरुंगात गेले. बँडमधला तिसरा गडी गीझर बटलर हिशेबनीसाची उमेदवारी करत होता. तो हिशेब पुरा शिकला असता, तर मॅनेजरांनी बँडला पुढे जेवढं लुबाडलं तेवढं लुबाडता आलं नसतं.

आणि नाव तरी काय मिळालं! मराठीत ओझी म्हणजे ओझ्याचं अनेकवचन. हेवी मेटलच्या या महापुरुषाला मराठीएवढं चपखल बारसं इंग्रजीत कुणी केलेलं नाही.

लोखंड आणि गाणं यांचा हा संसर्ग बर्मिंगहॅमचीच मिरास आहे, असं समजायचं कारण नाही. बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर नावाचं गाव आहे. तिथे 1843 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, ज्यांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणून मराठी माणसाला गाण्याचं व्यसन लावलं. त्याच गावात 1869 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले, ज्यांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान थाटलं आणि पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवले. एका किर्लोस्कराने सूर दिला, दुसऱ्याने धातू. दोघांना एकाच चौकात उभं करून बँड काढायचं कुणाला सुचलं नाही, नाहीतर हेवी मेटलची जन्मकथा इंग्लंडऐवजी आपल्याकडच्या दिवाळी अंकांत सापडली असती.

लक्ष्मणरावांचा नांगर सुरुवातीला खपेना. शेतकरी हात लावायला तयार नव्हते, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्यांची खात्री होती. लाकडी नांगराने वाढलेल्या जमिनीला हे जड धातूचं वारं लागलं तर पीक बिघडणार! हाच युक्तिवाद सुमारे ऐंशी वर्षांनी अमेरिकेच्या सिनेटमध्ये झाला. 19 सप्टेंबर 1985 रोजी तिथे एक सुनावणी भरली. वॉशिंग्टनच्या वजनदार घरांतल्या काही बायकांनी संघटना काढली होती. त्यात पुढे उपाध्यक्ष झालेल्या अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर होत्या. त्यांचं म्हणणं, हेवी मेटलने पोरं बिघडतात. त्यांनी पंधरा गाण्यांची काळी यादीही काढली. ट्विस्टेड सिस्टर या बँडचा डी स्नायडर पिंजारलेले केस आणि बिनबाह्यांचं जाकीट अशा अवतारात सिनेटपुढे बसला, आणि शांतपणे म्हणाला की आपण बायकामुलांचा माणूस आहोत, दारू नाही, सिगारेट नाही, धर्माने ख्रिस्ती आहोत. सिनेटर चाट पडले. निकाल म्हणून रेकॉर्डवर इशाऱ्याची चिठ्ठी चिकटवायचं ठरलं. पोरांना कुठली रेकॉर्ड घ्यायची हे त्या चिठ्ठीवरून नेमकं कळायला लागलं. इकडे लोखंडी नांगरावर कुणी अशी चिठ्ठी लावली असती, तर लक्ष्मणरावांचा माल कदाचित लवकर उठला असता.

बँडची पुस्तकं ही पाश्चात्त्य चीज आहे, असं मराठीत मानलं जातं. खरं तर मराठीत ती त्यांच्याहून आधीची आहेत. फक्त बँडला तेव्हा 'मंडळी' म्हणत. गोविंदराव टेंबे यांचा 'माझा जीवनविहार', गणपतराव बोडसांची 'माझी भूमिका', चिंतामणराव कोल्हटकरांचं 'बहुरूपी'. ही पुस्तकं आणि रॉकवाल्यांची आत्मचरित्रं शेजारी ठेवून वाचावीत. किर्लोस्कर मंडळी हा मूळ बँड. 1913 मध्ये त्यातून बालगंधर्व, टेंबे आणि बोडस बाहेर पडले आणि तिघांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी निघाली. मग टेंबे त्यातूनही निघाले आणि त्यांनी आपली शिवराज मंडळी काढली. तिकडे केशवराव भोसल्यांनी 1908 मध्ये हुबळीत ललितकलादर्श काढली होती, ती वेगळीच. 1918 मध्ये दीनानाथ मंगेशकर, कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांची बळवंत मंडळी. कोण कुठून फुटला याचा तक्ता काढायचा तर डीप पर्पल या बँडच्या तक्त्याइतकाच कागद लागतो.

रॉकमध्ये दोन बड्या बँडांचे गडी एकत्र आले की त्याला सुपरग्रुप म्हणतात आणि वर्षभर आधीपासून बातम्या येतात. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून 'मानापमान' केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. लोक अजून त्या प्रयोगाबद्दल बोलतात, आणि बोलणाऱ्यांपैकी एकानेही तो पाहिलेला नसतो. रॉकच्या भाषेत यालाच 'लेजंडरी गिग' म्हणतात. चैनीतही तुलना होते. रॉकवाले हॉटेलच्या खिडकीतून टीव्ही खाली फेकत, गंधर्व कंपनी प्रेक्षकांवर अत्तर शिंपडायची. कर्ज दोघांनाही झालं. अत्तराच्या कर्जाला निदान वास चांगला होता.

फुटण्यापेक्षाही जास्त पानं या पुस्तकांत खर्ची पडतात ती नावाच्या भांडणात. फुटल्यावर नाव कुणाचं? 1980 मध्ये डीप पर्पलच्या एका जुन्या गायकाला पुढे करून काही लोकांनी त्याच नावाने अमेरिकेत कार्यक्रम लावले. लोक तिकीट काढून आत गेले आणि स्टेजवर एक सोडून सगळे अनोळखी चेहरे. प्रकरण कोर्टात गेलं आणि 6 लाख 72 हजार डॉलरचा दंड बसला. रॉजर वॉटर्स पिंक फ्लॉइडमधून निघाला तेव्हा त्याला वाटलं की आपण गेलो म्हणजे बँडही गेला. उरलेल्यांना तसं वाटलं नाही. 2009 मध्ये ओझीने खुद्द आयोमीवर दावा लावला, ब्लॅक सबाथ या नावाच्या मालकीवरून. वर्षभराने तडजोड झाली.

पाटीसाठी कोर्ट हे वाचून येळ्ळूरकर हसत नाही. गावाच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' असा फलक होता. जुलै 2014 मध्ये कोर्टाच्या आदेशावरून तो काढला गेला, गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, पुन्हा काढला गेला आणि मग गावात लाठ्या चालल्या. लाठ्यांवर विनोद होत नाही. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. म्हणजे एका वर्षात पाटी गेली आणि शहराचंही नाव बदललं. डीप पर्पलचा निकाल निदान लागला. महाराष्ट्राने सीमाप्रश्नावर 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेला दावा अजून चालूच आहे. त्या काळात कितीतरी बँड फुटले, जुळले आणि निरोपाचे दौरे करून आले.

निरोपाचे दौरे हा तर वेगळाच अध्याय. ओझीने 1992 मध्ये 'नो मोअर टूर्स' नावाचा दौरा काढला. आता दौरे बंद, असं त्या नावातच होतं. 2018 मध्ये त्याने 'नो मोअर टूर्स टू' काढला. ब्लॅक सबाथचा 'द एंड' 2017 मध्ये संपला, आणि 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मूळचे चौघे पुन्हा उभे राहिले. ओझी तर सिंहासनावर बसून गायला. त्यानंतर सतरा दिवसांनी तो गेला, म्हणून तो निरोप खरा ठरला. ज्या मराठी नाट्यरसिकाने वृत्तपत्रातल्या 'शेवटचे पाच प्रयोग'च्या जाहिराती वर्षभर वाचल्या आहेत, त्याला या पद्धतीची सवय आहे. आणि येळ्ळूरकराला तर शेवटच काय, सुरुवातही दोनदा होताना दिसली आहे. गावामागच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला, तेव्हा मार्च 2023 मध्ये त्याचं अनावरण काही दिवसांच्या अंतराने दोनदा झालं, दोन वेगवेगळ्या पक्षांकडून. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. महाराज एकच, पडदे दोन.

महाराष्ट्राच्या नकाशावर रॉकच्या पुस्तकांची खूण शोधायची तर बोट पाचगणीवर पडतं. झांझिबारमध्ये 1946 मध्ये जन्मलेला फारुख बलसारा तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच 1958 मध्ये त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा पोरासोरांचा बँड काढला, आणि पुढे तो क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी झाला. इंग्रजी चरित्रकार हे सगळं सांगतात आणि पाचगणीची ओळख करून देताना 'मुंबईजवळची शाळा' असं लिहून मोकळे होतात. वाई नाही, पसरणीचा घाट नाही, सातारा जिल्हा तर नाहीच. अडीचशे किलोमीटरवरचं गाव जर मुंबईजवळ येत असेल, तर येळ्ळूरही फार लांब राहत नाही. सीमाप्रश्न या चरित्रकारांकडे सोपवला असता तर एका परिच्छेदात मिटला असता.

मराठी घरातला अस्सल रॉकवाला म्हणजे नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, घरात नाटक, आणि हा 1974 मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जुडास झाला. मुंबईच्या वेल्वेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा बँडांतून गायला, आणि 'डिस्को डान्सर'मध्ये भर डिस्कोत कृष्णाला धरतीवर यायचं आवाहनही त्यानेच केलं. साठ-सत्तरच्या दशकातल्या या भारतीय बँडांवर सिद्धार्थ भाटिया यांचं 'इंडिया सायकेडेलिक' 2014 मध्ये आलं. तेही इंग्रजीत. त्यातली सर्वांत सुरस गोष्ट अशी, की देशभरच्या बँडांची मोठी स्पर्धा 'सिमला' या सिगारेटच्या नावाने भरायची. एप्रिल 2014 मध्ये भेंडे गेले. त्यांचं आत्मचरित्र मराठीत असतं तर त्याला नाटकाच्या कपाटात ठेवायचं की संगीताच्या, यावर ग्रंथपालांत वाद झाला असता, आणि तो वादही वाचनीय झाला असता.

मराठीत या बाजूला पुस्तकं अगदीच नाहीत असं नाही. आशुतोष जावडेकरांचं 'लयपश्चिमा' आहे, अच्युत गोडबोले आणि दीपा देशमुख यांचं 'सिंफनी' आहे. दोन्ही मराठी वाचकाला हाताला धरून पश्चिमेच्या सुरांत नेतात. पण ही सगळ्या घराण्यांची ओळख करून देणारी पुस्तकं. एका बँडचा तळतळाट, त्याचं भांडण, त्याचा हिशेब सांगणारं मराठी पुस्तक हवं असेल, तर अजून 'बहुरूपी'च काढावं लागतं. दरम्यान पोरं गाणी ऐकायची थांबलेली नाहीत. 17 मार्च 2007 रोजी आयर्न मेडन बंगळूरला आलं. पुढच्या वर्षी 1 फेब्रुवारीला त्यांनी जगाचा दौरा थेट मुंबईत सुरू केला, आणि बँडचं बोइंग 757 लंडनहून खुद्द गायक डिकिन्सन चालवत घेऊन आला. बेळगाव नेमकं मध्ये. बंगळूर पाचशे किलोमीटर, मुंबईही तेवढीच. दोन्हीकडे रात्रीची बस.

या पोरांचा गणवेश काळा. काळा टीशर्ट, त्यावर कवटी, काळी पँट, काळे बूट. इतरत्र याने फारतर शेजारणी कुजबुजतात. बेळगावात 1 नोव्हेंबरला मात्र प्रसंग ओढवतो. 1956 च्या त्या तारखेला भाषावार राज्यं झाली आणि हा भाग म्हैसूर राज्यात गेला, म्हणून मराठी माणसं त्या दिवशी काळा दिन पाळतात, काळे कपडे घालून निषेध फेरी काढतात. त्याच दिवशी शहरात कर्नाटक राज्योत्सवाची लाल-पिवळी मिरवणूक असते. अशा दिवशी आयर्न मेडनचा टीशर्ट घालून दूध आणायला निघालेला पोरगा कुठल्या बाजूचा समजायचा, हे बंदोबस्तावरच्या हवालदाराला कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. पोराला विचारलं तर तो म्हणणार, वर्षभर हेच घालतोय. आणि ते खरं असतं.

आवाजाचं तर विचारूच नका. 31 मे 1976 रोजी लंडनमध्ये द हू या बँडने स्पीकरपासून 32 मीटरवर 126 डेसिबल आवाज काढला आणि गिनेस बुकात जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नाव घातलं. पुढे लोकांच्या कानांना धोका होतो म्हणून गिनेसने हा विक्रमच बंद केला. त्या बँडचा पीट टाउनशेंड कानांनी अधू झाला. एसी/डीसीचा ब्रायन जॉन्सन 2016 मध्ये दौरा अर्धवट सोडून घरी गेला, कारण डॉक्टर म्हणाले, याच्यापुढे गायलास तर ठार बहिरा होशील. बेळगावच्या गणपती मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढे रात्रभर नाचलेल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन आटपून घरी आलेल्या माणसाला ही प्रकरणं वाचून दाखवावीत. तो 'काय?' म्हणेल. पुन्हा वाचावीत. तो पुन्हा 'काय?' म्हणेल. कायद्याने वस्तीत रात्री 45 डेसिबलची मुभा आहे. एवढा आवाज मिरवणुकीत नारळ फोडला तरी होतो.

हिवाळ्यात सीमाभागातल्या गावोगावी रविवारी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, कुद्रेमनी, सांबरा आणि येळ्ळूरही. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी, गाथा, पुढे लेझीम, डोईवर कलश घेतलेल्या बायका, भजनी मंडळाचा मृदंग आणि टाळ. टाळ हेही धातूचेच, आणि पन्नास जोड्या एकदम वाजल्या की ओझीच्या ड्रमवाल्यालाही आपली झांज खाली ठेवावी लागेल. मांडवाच्या दाराशी पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे कुणीतरी चुकून 'आयर्न मॅन'ची एक प्रत आणून ठेवली, तर विक्रेता ती कुठे लावेल? मुखपृष्ठावरचं नाव वाचून तो ती लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्राशेजारी, उद्योगाच्या रांगेत लावून मोकळा होईल. पहिल्या शिफ्टला सुट्टी टाकून आलेला एखादा ती उचलेल, उलटून पाहील, बोटांना टोप्या घातलेल्या माणसाचा फोटो बघेल आणि विचारेल, "हे फाउंड्रीवर हाय काय?"

विक्रेत्याला 'नाही' म्हणणं जड जाईल.